बंगल्याबाहेरचे पिंप आणि रोनाल्ड रॉस

दरवर्षी २० ऑगस्ट हा दिवस जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो. डासाच्या नावाने दिवस कशाला, असे कोणीही विचारील. कारण सरळ आहे. १८९७ साली याच तारखेला एका लष्करी डॉक्टरने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू वाढताना पाहिले. ही घटना विलायतेतल्या एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत घडली नाही. ती घडली सिकंदराबादच्या छावणीत, बेगमपेठेतल्या एका साध्या इस्पितळात. सिकंदराबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि आपला धाराशिव जिल्हाही त्याच राज्याचा भाग होता. पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून आपल्या जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले, आणि त्यांच्याच नावाच्या उस्मानिया विद्यापीठाकडे आज बेगमपेठेतली ती इमारत आहे. त्या अर्थाने हा शोध आपल्या शेजारच्या अंगणात लागला.

त्या डॉक्टरचे नाव रोनाल्ड रॉस. हिवताप डासामुळे होतो हे त्यांनी सिद्ध केले, एवढे शाळेच्या पुस्तकात असते. पण रॉस यांचे आयुष्य वाचताना सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला दुसरीच एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. साठलेल्या पाण्यातल्या अळ्यांकडे हा माणूस शोध लागण्याच्या चौदा वर्षे आधीपासून पाहत होता. आणि शोध लागल्यानंतरची तीस वर्षे तो जगाला सांगत राहिला की उडणाऱ्या डासामागे धावण्यापेक्षा पाण्यातली अळी मारा. आज आपल्या परसातल्या हौदाला आणि कमळाच्या तळ्याला हीच शिकवण लागू आहे.

नाइलाजाने झालेला डॉक्टर

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला झाला. मेरठच्या छावणीत उठाव झाला त्याला तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. वडील इंग्रजी फौजेत अधिकारी. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवले गेले. मुलाला चित्रकला, संगीत, कविता आणि गणिताची ओढ. त्याला लेखक व्हायचे होते. वडिलांनी मात्र ठरवले होते की पोराने इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये जायचे. वडिलांची इच्छा मोडता आली नाही म्हणून रोनाल्ड लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात दाखल झाले. अभ्यासात मन नव्हते, आणि त्याचे फळ परीक्षेत मिळाले. एक परीक्षा पास झाले, दुसरीत नापास. काही काळ अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवर डॉक्टर म्हणून नोकरी केली. अखेर १८८१ मध्ये सेवेत निवड झाली आणि ते हिंदुस्थानात आले.

पुढची काही वर्षे मद्रास इलाख्यात, ब्रह्मदेशात, अंदमानात अशी बदल्यांत गेली. छावणीत काम थोडे आणि वेळ भरपूर. हा वेळ त्यांनी गणितात, कादंबऱ्या लिहिण्यात आणि घोडदौडीत घालवला. वैद्यकशास्त्रात नाव काढील अशी कोणतीही खूण या तरुण डॉक्टरमध्ये तेव्हा दिसत नव्हती.

बंगळूरचे पिंप

१८८३ मध्ये रॉस बंगळूरला होते. राहायला बरा बंगला मिळाला होता, पण खोलीत डासांचा उच्छाद. शेजारच्या खोल्यांपेक्षा आपल्याच खोलीत डास जास्त का, हा प्रश्न त्यांना पडला. शोध घेतला तेव्हा खिडकीबाहेर बागेच्या पाण्याचे एक पिंप सापडले. पाण्यात डोकावले तर वळवळणाऱ्या अळ्याच अळ्या. रॉस यांनी ते पिंप उपडे केले. काही दिवसांत खोलीतले डास जवळपास नाहीसे झाले.

यात औषध नव्हते, धूर नव्हता, खर्च नव्हता. फक्त पाणी कुठे साठले आहे ते पाहायचे आणि ओतून द्यायचे. उत्साहाने त्यांनी हाच उपाय अधिकाऱ्यांच्या भोजनगृहाला लागू करावा असे तिथल्या ॲडज्युटंटला सुचवले. तिथे फुलदाण्या होत्या, डबे होते, टब होते. त्या अधिकाऱ्याने साफ नकार दिला. डास ही निसर्गाची योजना आहे आणि तिच्यात ढवळाढवळ करणे बरे नव्हे, असे त्याचे मत पडले. डास सहन करावेत हेच ठीक.

आज हे ऐकून हसू येते. पण गावात अळ्यांचे सर्वेक्षण करायला गेलेल्या आरोग्य सेविकेला विचारा. आमच्या हौदातल्या पाण्याला काही होत नाही, इतकी वर्षे हेच पाणी वापरतो, अळ्या काय सगळीकडेच असतात, अशी उत्तरे तिला आजही ऐकायला मिळतात.

बंगळूरच्या त्या पिंपाचा हिवतापाशी काही संबंध असेल असे तेव्हा रॉस यांनाही वाटले नव्हते. डास हा त्यांच्या लेखी केवळ त्रासदायक कीटक होता. हिवतापाचे कारण म्हणजे दलदलीतून उठणारी दूषित हवा, असेच तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थही वाईट हवा असाच आहे.

मॅन्सन यांची भेट

फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात जंतू पाहिले होते. रॉस यांनी हिंदुस्थानात तसे जंतू शोधायचा प्रयत्न केला. ते दिसले नाहीत, म्हणून लाव्हेराँ चुकले असावेत असे त्यांनी लिहूनही टाकले. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले असताना त्यांची गाठ पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी पडली. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत डासाच्या शरीरात वाढतात हे मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना दाखवले होते. त्यांनी रॉस यांना सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचा जंतू दाखवला आणि आपला तर्क सांगितला. हिवतापाच्या जंतूचे पुढचे आयुष्यही डासातच जात असावे, असा तो तर्क होता.

या तर्काचा पुढचा भाग मात्र चुकीचा होता. मॅन्सन यांना वाटे की डास एकदाच रक्त पितो, मग पाण्यावर अंडी घालून तिथेच मरतो, त्याच्या शरीरातले जंतू पाण्यात उतरतात आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला हिवताप होतो. म्हणजे दोष तळ्याच्या पाण्याचा. रॉस यांनी हा तर्क तपासायला डास मेलेले पाणी काही माणसांना पैसे देऊन पाजले. आजच्या काळात कोणतीही नैतिकता समिती असा प्रयोग होऊ देणार नाही. त्यातून ठोस काही निघाले नाही. तळ्याच्या पाण्याचा हिवतापाशी संबंध होता, पण पिण्यातून नव्हे. त्या पाण्यात डास जन्म घेत होता.

१८९५ मध्ये रॉस मुंबई बंदरात उतरले. सामान कस्टममधून सुटायची वाटही न पाहता ते सिव्हिल हॉस्पिटलात गेले आणि हिवतापाच्या रुग्णांचे रक्त तपासू लागले. नाइलाजाने डॉक्टर झालेल्या माणसाला आता ध्यास लागला होता.

बाटलीतल्या अळ्या

सिकंदराबादला पोचल्यावर काम सुरू झाले. पद्धत अशी. हिवतापाच्या रुग्णाला मच्छरदाणीत झोपवायचे, आत डास सोडायचे, रक्त पिऊन फुगलेले डास पकडायचे, काही दिवस जिवंत ठेवायचे आणि मग एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली फाडायचे. शेकडो डास फाडून झाले. काही सापडले नाही.

दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे, बाहेरून पकडलेल्या डासाने आधी कोणाचे रक्त प्यायले आहे हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून रॉस यांनी पाण्यातून अळ्या गोळा करून बाटलीत वाढवायला सुरुवात केली. अळीपासून निघालेला डास कोरी पाटी असतो. त्याच्या पोटात पुढे काही सापडले तर ते आपण पाजलेल्या रक्तातूनच आले, असे खात्रीने म्हणता येते.

दुसरी अडचण मोठी होती आणि ती त्यांना माहीतच नव्हती. ते चुकीच्या जातीचे डास वाढवत होते. घराभोवती जे डास सहज मिळतात ते बहुधा क्युलेक्स आणि एडिस. माणसाचा हिवताप पसरतो तो ॲनॉफिलिस जातीच्या डासाने. कीटकशास्त्राची पुस्तके जवळ नव्हती, शिकवणारे कोणी नव्हते. रॉस डासांना रंगावरून आपलीच नावे देत होते. करडा डास, पट्ट्यांचा डास.

मध्येच पटकीच्या साथीसाठी बंगळूरला जावे लागले. मग १८९७ मध्ये उटीजवळच्या सिगूर घाटात हिवताप शोधायला गेले आणि मच्छरदाणीत झोपूनही स्वतःच तापाने आडवे झाले. जूनमध्ये पुन्हा सिकंदराबाद. ऑगस्टमध्ये त्यांच्या मदतनीसाने आणलेल्या अळ्यांतून एक वेगळाच डास निघाला. पंखांवर ठिपके, बसताना शेपटीची बाजू वर. हाच ॲनॉफिलिस.

हुसेन खान नावाचा हिवतापाचा रुग्ण तेव्हा इस्पितळात होता. डासामागे एक आणा या बोलीवर तो मच्छरदाणीत झोपला आणि १६ ऑगस्टला नव्या डासांनी त्याचे रक्त प्यायले. पुढचे चार दिवस रॉस त्यातले डास तपासत गेले. काही डास आपोआप मेले, काहींत काही दिसले नाही. ऑगस्टचा उकाडा, पण फाडलेले डास उडून जातील म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, भिंग तडकलेले. २० ऑगस्टला हाताशी मोजकेच डास उरले होते. त्यातल्या एकाच्या जठराच्या भिंतीत गोल पेशी दिसल्या आणि त्या पेशींत हिवतापाच्या जंतूचा ओळखीचा काळा रंगकण होता. डासाच्या शरीरात असा रंगकण आपणहून असण्याचे काही कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी उरलेला डास फाडला. त्यातल्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे त्या वाढत होत्या. शोध लागला होता.

या शोधात हुसेन खानचे रक्त होते आणि बाटलीत अळ्या आणून देणाऱ्या मदतनीसाचे श्रम होते. त्या मदतनीसाचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. नोबेल एकाला मिळते, पण काम बऱ्याच जणांचे असते. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

बदली आणि चिमण्या

असा शोध लागल्यावर सरकारने काय करावे? रॉस यांची बदली केली. सप्टेंबरमध्ये त्यांना आधी मुंबईला आणि मग राजपुतान्यातील खेरवाडा या ठिकाणी पाठवण्यात आले. तिथे हिवतापाचे रुग्णच जवळपास नव्हते. काम बंद पडले. मॅन्सन यांनी लंडनमध्ये बसून खटपट केली तेव्हा १८९८ च्या फेब्रुवारीत त्यांना कलकत्त्यात संशोधनाची जागा मिळाली.

कलकत्त्यात माणसांऐवजी पक्ष्यांवर प्रयोग सुरू केले. पक्ष्यांनाही एक प्रकारचा हिवताप होतो आणि तो क्युलेक्स डास पसरवतो. महंमद बक्ष हा मदतनीस आणि किशोरीमोहन बंदोपाध्याय हे तरुण सहकारी त्यांच्या सोबत होते. जुलै १८९८ मध्ये रॉस यांना दिसले की जंतू डासाच्या जठरातून निघून त्याच्या लाळग्रंथीत येऊन साठतात. त्यानंतर बाधित डास चावून निरोगी चिमण्यांना हिवताप झाला. वर्तुळ पूर्ण झाले. रोग पाण्यातून, हवेतून नाही, चाव्यातून येतो.

त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापाचे चक्र ॲनॉफिलिस डासात पूर्ण दाखवले. श्रेय कोणाचे यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जे भांडण लागले ते आयुष्यभर मिटले नाही. १९०२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले. रॉस स्वभावाने तापट आणि मनात ठेवणारे होते. पुढे ज्यांनी हात धरून वाट दाखवली त्या मॅन्सन यांच्याशीही त्यांचे बिनसले. मोठ्या माणसाच्या चरित्रात ही बाजूही सांगायला हवी.

पिंपाकडे पुन्हा

१८९९ मध्ये रॉस यांनी हिंदुस्थान सोडला आणि लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत शिकवू लागले. दुसरा कोणी असता तर या शोधावर उरलेले आयुष्य काढले असते. रॉस यांना मात्र डासाची शिकार करायची होती. आता त्यांना माहीत होते की बंगळूरचे ते पिंप उपडे करणे म्हणजे केवळ झोपेची सोय नव्हती. त्यात रोग रोखण्याची ताकद होती.

त्यांचा हिशेब साधा होता. उडणारा डास कुठेही जाऊ शकतो. अळी मात्र जन्मल्यापासून डास होईपर्यंत त्याच पाण्यात अडकलेली असते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. अळीला श्वासासाठी पुन्हा पुन्हा पृष्ठभागावर यावे लागते. म्हणजे शत्रू कुठे आहे हे माहीत आहे, तो पळू शकत नाही, आणि आपल्या हाती आठवडा आहे. लढाई तिथेच करायला हवी.

१८९९ मध्येच ते पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनला गेले. तिथे त्यांनी डबक्यांची यादी केली आणि पुढे डबकी बुजवणाऱ्या, पाण्यावर तेल सोडणाऱ्या, घरोघरची डबडी उचलणाऱ्या माणसांच्या टोळ्या उभ्या केल्या. अशी पथके कशी उभारावी यावर पुस्तक लिहिले. १९०२ मध्ये सुएझ कालव्यावरच्या इस्माइलिया गावी त्यांना बोलावले गेले. गोड्या पाण्याचा कालवा आल्यापासून त्या गावात हिवतापाने ठाण मांडले होते. १९०० साली तिथे दोन हजारांहून अधिक रुग्ण झाले होते. डबकी बुजवली, चर खणले, आठवड्यातून एकदा प्रत्येक घरात माणूस जाऊन सांडपाण्याच्या खड्ड्यात तेल टाकू लागला. १९०३ मध्ये रुग्ण सुमारे दोनशेवर आले आणि पुढे आणखी घटत गेले.

सगळीकडे असे यश आले नाही. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत याच काळात केलेला अळीनियंत्रणाचा प्रयोग फसला. भोवती कालव्याच्या पाण्याचा प्रदेश अफाट, आणि पैसा व माणसे तोकडी. हिंदुस्थानातल्या अनेक अधिकाऱ्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला की अळ्या मारून काही साधत नाही. रॉस यांचे म्हणणे होते की काम अर्धवट झाले. दोन्हीत तथ्य आहे. गावाच्या आसपास मैलोन्मैल भातखाचरे असतील तर केवळ अळीनियंत्रण पुरत नाही. जिथे पाणी मोजक्या आणि माहीत असलेल्या जागी साठते तिथे ते उत्तम चालते. आपला दुष्काळी धाराशिव जिल्हा वर्षाचा बराच काळ या दुसऱ्या प्रकारात बसतो.

तरुणपणीची गणिताची आवड रॉस यांच्या इथे कामी आली. मॉरिशसमधील हिवतापाचा अभ्यास करताना आणि १९१० च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी समीकरणे मांडून दाखवले की हिवताप संपवायला शेवटचा डास मारावा लागत नाही. डासांची संख्या एका ठराविक मर्यादेखाली गेली की रोगाची साखळी आपोआप तुटते. आज करोनासारख्या साथीत आपण जी गणिते ऐकली त्यांची मुळे रॉस यांच्या या कामात आहेत.

मुंबईच्या विहिरी

महाराष्ट्राला याचा धडा लवकर मिळाला. १९०१ मध्ये ग्लेन लिस्टन या डॉक्टरने वऱ्हाडात, अचलपूरच्या छावणीत ॲनॉफिलिस डासांचा अभ्यास करून स्टीफेन्सी या नव्या जातीचे वर्णन केले. पुढे मुंबईत हिवतापाची साथ वाढली तेव्हा चार्ल्स बेंटली यांनी तपास केला. १९११ मध्ये त्यांचा अहवाल आला. शहरातला हिवताप बाहेरच्या दलदलीतून येत नव्हता. तो घराघरांतल्या विहिरींतून आणि टाक्यांतून येत होता आणि पसरवणारा डास हाच स्टीफेन्सी होता. विहिरी झाका किंवा बुजवा असा आदेश निघाला. काही ठिकाणी धार्मिक भावनेमुळे विरोध झाला, कारण त्या विहिरी लोकांना पवित्र होत्या. तरीही पाण्याच्या टाकीला डास शिरणार नाही असे घट्ट झाकण हवे, हा मुंबईचा नियम आजही टिकून आहे.

आपले हौद, आपली तळी

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे रांजण, पिंप, सिमेंटची टाकी, जमिनीतला हौद हे प्रत्येक घरी असते. गोठ्याजवळ जनावरांचा हौद असतो. अलीकडे परसात हौसेने कमळाचे छोटे तळे करण्याची पद्धत आली आहे. शेतात प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी आहेत. पाणी साठवू नका असे दुष्काळी भागातल्या माणसाला सांगणे अन्यायाचे आहे. पाणी साठवा, पण डासाला त्यात वाढू देऊ नका.

प्रत्येक पाण्यात वेगळा डास वाढतो. घरातल्या स्वच्छ साठवणुकीच्या पाण्यात एडिस वाढतो. तो दिवसा चावतो आणि डेंगी, चिकुनगुनिया पसरवतो. विहीर, टाकी, तळे, ओढ्याचे डबके यांत ॲनॉफिलिस. गटार आणि सांडपाण्यात क्युलेक्स, तो हत्तीरोगाचा वाहक. अळी ओळखणे सोपे आहे. बॅटरीचा उजेड पाण्यावर टाका. अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असेल तर ती ॲनॉफिलिसची. डोके खाली करून तिरपी लटकत असेल तर क्युलेक्स किंवा एडिसची. सावली पडली की अळ्या वळवळत खाली जातात. थोडे थांबा, श्वासासाठी त्या परत वर येतील.

रिकामे करता येईल ते भांडे आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करा. यालाच आपण कोरडा दिवस म्हणतो. नुसते पाणी ओतून भागत नाही, आतून घासून पुसायला हवे. एडिसची अंडी भांड्याच्या ओल्या कडेला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी आले की फुटतात. पावसाळ्याच्या पहिल्या सरीनंतर एकदम डास का वाढतात याचे एक कारण हे आहे.

जे रिकामे करता येत नाही, म्हणजे परसातले तळे, जनावरांचा हौद, वापरात नसलेली विहीर, तिथे गप्पी मासे सोडा. हा छोटा मासा अळ्या आवडीने खातो, कमी पाण्यात जगतो आणि त्याला अंड्यांची उठाठेव नाही, थेट पिल्ले होतात. काठाच्या दर मीटरला साधारण पाच ते दहा मासे पुरतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा हिवताप कार्यालयात चौकशी केली तर मासे मिळण्याची सोय कळते. मासे सोडून विसरू मात्र नका. काठावरचे गवत, शेवाळ आणि पाण्यावर पसरलेली पाने यांच्या आड अळ्या लपतात आणि माशांना त्या सापडत नाहीत. म्हणून काठ मोकळा ठेवा. ज्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकता तिथे मासे जगणार नाहीत. कमळाच्या तळ्यात कीटकनाशक फवारू नका, कारण अळी खाणारे मासे, बेडकाची पिल्ले आणि चतुराची पिल्लेही त्याने मरतात.

गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा मासा आहे. म्हणून तो बंदिस्त पाण्यातच ठेवा. बोरी, तेरणा, मांजरा अशा नद्यांत किंवा ओढ्यांत तो सोडू नका. तिथल्या आपल्या देशी माशांची जागा तो घेतो, आणि त्यातले बरेच देशी मासे स्वतःही अळ्या खाणारेच असतात.

गटार किंवा सांडपाण्याचे डबके बुजवता येत नसेल तर आठवड्यातून एकदा जळके तेल टाकता येते. अळीची श्वासाची नळी त्या थराने बंद होते. पण पिण्याच्या, जनावरांच्या किंवा माशांच्या पाण्यात तेल कधीही नको. अळीनाशक औषध आरोग्य कर्मचारी ठरावीक मात्रेत टाकतात. ते दुकानातून आणून अंदाजाने टाकू नका. आणि धूर फवारणीवर फार भिस्त ठेवू नका. ती साथीच्या वेळी उडत्या डासांवर तात्पुरती उपयोगी पडते. पाण्यातल्या अळीपर्यंत धूर पोचत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच हौदातून नवे डास निघतात.

पावसाळ्यात आमच्या वॉर्डात तापाची मुले येतात. प्लेटलेट घसरलेले, पोट दुखणारे, आईबाप घाबरलेले. डेंगीच्या विषाणूवर थेट लागू पडेल असे औषध आजही आमच्याकडे नाही. सलाइन, लक्ष ठेवणे आणि वेळेवर वरच्या रुग्णालयात पाठवणे एवढेच आमच्या हाती असते. बहुतेक मुले बरी होतात. काही वेळा उशीर झालेला असतो. एडिस डास जन्मल्या जागेपासून सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. म्हणजे त्या मुलाला चावलेला डास बहुधा त्याच्या किंवा शेजारच्या घरातच वाढलेला असतो.

शेवटची वर्षे

रॉस यांना १९११ मध्ये सर ही पदवी मिळाली. १९२६ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या नावाची संशोधन संस्था निघाली. १९२७ मध्ये कलकत्त्यातल्या रुग्णालयाच्या भिंतीत त्यांच्या स्मरणार्थ प्रवेशद्वार बांधले गेले आणि त्याच्या उद्घाटनाला ते स्वतः आले होते. शोधाच्या आनंदात त्यांनी लिहिलेल्या ओळी तिथे कोरलेल्या आहेत. पैशाची तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली. म्हातारपणी त्यांनी आपली कागदपत्रे विकली. १९३१ मध्ये पत्नी वारल्या आणि १६ सप्टेंबर १९३२ रोजी रॉस यांचे निधन झाले.

त्यानंतर डीडीटी आले, क्लोरोक्विन आले, औषधात भिजवलेल्या मच्छरदाण्या आल्या. डीडीटीला डास सरावले, क्लोरोक्विनला जंतू सरावले. पिंप रिकामे करण्याला मात्र कोणताही डास सरावलेला नाही. या २० ऑगस्टला घरातल्या सर्वांनी मिळून दहा मिनिटे काढा. हौद, रांजण, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, छतावरचे जुने टायर, परसातले तळे, सगळे बॅटरी घेऊन पाहा. अळ्या दिसल्या तर ओता, घासा, झाका किंवा मासे सोडा. मग दर आठवड्याला एक दिवस ठरवून हेच करा, आणि शेजाऱ्यालाही करायला लावा, कारण त्याच्या हौदातला डास कुंपण पाहत नाही. ताप आलाच तर अंगावर काढू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी मोफत होते.